पाच माणसं, दोन रात्री जहाज, तीन रात्री बाणावली: दीड लाखाच्या आतली पहिली क्रूझ

डोंबिवलीतलं पाच माणसांचं घर. माझी धाकटी बहीण पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला, मेहुणे एका खासगी कंपनीत अकाउंट्सला. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा आठ वर्षांचा, आणि बहिणीच्या सासूबाई एकाहत्तरच्या. त्यांना मी काकू म्हणते. आरडी आणि दिवाळीचा बोनस मिळून सहलीसाठी १,५०,००० रुपये बाजूला पडले होते. मेहुण्यांची अट एकच होती, क्रेडिट कार्डावर काही चढवायचं नाही.

बाकीच्यांच्या मागण्या मात्र तीन दिशांना जात होत्या. मुलांना मोठ्या जहाजावर राहायचं होतं. बहिणीला एखाद्या रिसॉर्टमध्ये पाय पसरून बसायचं होतं. काकूंना गोव्यातल्या कवळ्याच्या शांतादुर्गेची ओटी भरायची होती. ते माहेरचं दैवत, आणि ओटी बरीच वर्षं राहून गेलेली. "ताई, एवढ्यात हे सगळं बसेल का गं?" असं बहिणीने विचारलं आणि ही आखणी माझ्याकडे आली. प्रवास जानेवारी २०२६ मधला. आधी काय ठरवलं आणि का ठरवलं, ते सविस्तर लिहिते आहे, कारण अशाच पाच जणांच्या घरांना नेमकं कुठे अडायला होतं ते या एका प्रकरणात पुरतं दिसतं.

पहिल्या दिवसापासून माझं म्हणणं एकच होतं. जहाज ही वेगळी चैन समजून वर आणखी रिसॉर्ट घ्यायला गेलो, तर दीड लाख पुरणार नाहीत. जहाजाला गोव्याला जायचं वाहन समजलं, तर पुरतील. मग त्याच्या भाड्यात जायचा प्रवास, दोन रात्रींचा मुक्काम, सगळं जेवण आणि मुलांची करमणूक एकदमच येते, आणि उरलेल्या पैशात जमिनीवरचे तीन दिवस बसवायचे राहतात.

सिंगापूरची क्रूझ मेहुण्यांच्या मित्राने सुचवली होती. ती लगेच बाजूला ठेवली. तिघांचे पासपोर्टच नव्हते, विमानभाडं वेगळं, आणि तिथून सुटणारी जहाजं मलेशिया किंवा थायलंडच्या बंदराला लागून परत सिंगापूरला येतात, त्यामुळे पुन्हा प्रवेश देणारा व्हिसा लागतो. मुंबईहून निघून समुद्रात फिरून मुंबईलाच परतणारी दोन रात्रींची फेरीही होती. पण तिच्यानंतर गोव्याला जायचा-यायचा खर्च पुन्हा करावा लागला असता. मुंबईत चढायचं आणि गोव्यात उतरायचं, अशी एकेरी फेरीच आमच्या गणितात बसत होती. अशा जागा प्रत्येक फेरीला मिळत नाहीत, म्हणून आम्ही आधी जहाजाची तारीख पक्की केली आणि बाकी सगळं तिच्याभोवती लावलं.

काकू मूळच्या वेंगुर्ल्याच्या. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायच्या. रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत ती बोट पणजीला जायची, आणि बऱ्याच ठिकाणी धक्का नसल्याने पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरून किनारा गाठावा लागायचा. 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' ही नावं त्यांना अजून पाठ आहेत. ती वाहतूक बंद पडून कित्येक वर्षं झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रिया' नावाची बोट मुंबई-गोवा सुरू झाली, तीही फार काळ टिकली नाही. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस' हे जहाज फिरू लागलं. ते १९९० साली फ्रान्समध्ये सँ-नाझेरला बांधलं गेलं, तेव्हा त्याचं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस' होतं आणि मालक रॉयल कॅरिबियन. हा इतिहास मी मुलांना मुद्दाम सांगितला. व्हिडिओत दिसणारी आजची अवाढव्य जहाजं, त्यांच्यावरच्या उंच घसरगुंड्या, ते सगळं इथे शोधू नये. हे मध्यम आकाराचं, आधीच्या पिढीतलं जहाज आहे. त्याच्या आतल्या केबिन लहान आहेत. काकूंनाही एक गोष्ट आधी सांगावी लागली. हे जहाज किनाऱ्यापासून बरंच लांबून जातं, त्यामुळे वेंगुर्ल्याचं बंदर दिसणार नाही. "ती बोट आता खय रवली," म्हणाल्या आणि तयारीला लागल्या.

आधी जहाज की आधी रिसॉर्ट

आधी गोव्यात राहून जहाजाने परत यावं, म्हणजे शेवट भव्य होईल, अशी बहिणीची कल्पना होती. मी ठाम विरोध केला. जहाज कोणासाठी थांबत नाही. गाडीला उशीर झाला किंवा बंदराच्या वाटेवर वाहतूक अडली आणि बंदरातलं चेक-इन बंद झालं, तर सगळं भाडं पाण्यात जातं. डोंबिवलीकरांसाठी बॅलार्ड पियर, म्हणजे मुंबईत जहाजावर चढायचा धक्का, ही सकाळी घरून निघून दुपारी पोहोचायची जागा. आपल्याच शहरातून सुरुवात केली की ही सगळ्यात मोठी जोखीम जवळजवळ संपते. परतीला गाडी चुकली तर दुसरी मिळते.

तारीख संक्रांत आणि २६ जानेवारी यांच्या मधली, मंगळवारी चढून गुरुवारी सकाळी गोव्यात उतरायची. नाताळ ते नववर्ष या दिवसांत गोव्यात जहाज, हॉटेल, टॅक्सी सगळ्यांचेच दर चढतात. दिवाळीच्या सुट्टीत आणि शनिवार-रविवारी जहाजाचे. मुलांची शाळा चार-पाच दिवस बुडाली. आठवीत आणि तिसरीत ते चालतं, दहावीत चाललं नसतं. अरबी समुद्रही या महिन्यांत पावसाळ्याच्या तुलनेत पुष्कळ शांत असतो, आणि पहिल्या खेपेला हे महत्त्वाचं.

पाचव्या माणसाचा प्रश्न

खरी कसरत केबिनची. एका केबिनमध्ये जास्तीत जास्त चार माणसं, आणि आपली घरं पुष्कळदा पाच जणांची. जहाजाचं भाडं खोलीवर नसतं, माणशी असतं, तेही सगळ्यांना सारखं नाही. केबिनमधल्या पहिल्या दोघांना पूर्ण भाडं, तिसऱ्या-चौथ्याला कमी, आणि केबिनमध्ये माणूस एकटाच असेल तर त्याला दोघांच्या भाड्याच्या जवळपास जाणारी रक्कम. बारा वर्षांपर्यंतचं मूल तिसरं किंवा चौथं असेल तर त्याचं मूळ भाडं माफ, अशी सवलत त्या दिवसांत सुरू होती.

आम्हाला मिळालेले आकडे असे. खिडकी नसलेल्या आतल्या केबिनला पहिल्या दोघांना प्रत्येकी १६,०००, तिसऱ्या प्रौढाला ९,०००, आणि एकट्या माणसाला २८,०००. तेरा वर्षांची भाची या हिशेबात प्रौढ. घरातल्या सगळ्यांनी पहिल्या झटक्यात सुचवलं होतं, चौघं एकत्र आणि काकूंना निवांत वेगळी केबिन. त्याचं मूळ भाडं ६९,००० होत होतं. बहीण, मेहुणे आणि मुलगा एका केबिनमध्ये, काकू आणि नात दुसऱ्या केबिनमध्ये, असं केलं की ६४,०००. पाच हजार वाचले, आणि रात्री काकू एकट्या राहिल्या नाहीत. त्यांना उठताना कोणीतरी जवळ लागतं, त्यामुळे पैसे सारखे पडले असते तरी मी हीच मांडणी निवडली असती. बुकिंग करताना केबिन बदलून बदलून दर पाहा. कोण कोणाबरोबर झोपतं एवढ्यावर भाडं बदलतं, आणि एजंट ते आपणहून सांगेलच असं नाही.

त्यावर बंदर शुल्क आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टिप, मिळून माणशी ३,०००. ही रक्कम भाडं माफ असलेल्या मुलालाही लागते, आणि 'मूल मोफत' वाचून बुकिंग करणारे पुष्कळ जण इथेच गडबडतात. पाच जणांचे १५,०००, कराचे आणखी ४,०००. कंपनी देईल ती केबिन घेतली असती तर इथेच थांबलो असतो. पण जहाजाच्या मध्यभागी, खालच्या डेकवर, लिफ्टजवळ, शेजारी-शेजारी अशा दोन केबिन निवडायला २,००० जास्त दिले. जहाज पुढच्या-मागच्या टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त हलतं, मध्यावर आणि खाली कमी. गुडघेदुखीच्या माणसाला लिफ्टपासूनचं अंतरही मोजावं लागतं. खिडकीच्या केबिनचा मोह मात्र टाळला. केबिनमध्ये झोपण्यापुरतंच जाणं होतं. समुद्र पाहायला सगळे डेक होते.

असे जहाजाचे एकूण ८५,००० झाले.

या भाड्यात नेहमीच्या उपाहारगृहांतलं जेवण, नाश्ता, पोहण्याचा तलाव आणि संध्याकाळचे बरेच कार्यक्रम येतात. मद्य, वाय-फाय, फोटो, स्पा, खास रेस्टॉरंट आणि डॉक्टरची फी येत नाही. जहाजावर रोख पैसे फिरत नाहीत. केबिनच्या कार्डावर खर्च चढत जातो, म्हणून आकडा डोळ्यांआड राहतो. आम्ही ५,००० ची मर्यादा घातली आणि रोज रात्री खात्यावरची रक्कम पाहायचं काम भाचीकडे दिलं. फोन विमान मोडवर. किनारा सुटला की फोन जहाजावरचं सागरी नेटवर्क पकडू शकतो आणि त्याचे दर भयंकर असतात. आणखी एक छोटी गोष्ट खूप कामाला येते. मोठं सामान बंदरातच जमा होतं आणि केबिनपाशी काही तासांनी पोहोचतं. काकूंची औषधं, ओळखपत्रं, पोहण्याचे कपडे आणि स्वेटर एवढं खांद्यावरच्या पिशवीत ठेवलं होतं, त्यामुळे मुलं पहिल्या दुपारीच पाण्यात उतरली.

बोट लागण्याची भीती सगळ्यात जास्त बहिणीला होती. तिला घाटातही मळमळतं. डिसेंबरातल्या एका रविवारी मी त्यांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रो फेरीने पाठवलं. खाडीतला तासाभराचा प्रवास आणि खुला समुद्र यांत फरक आहे, हे मान्य. तरी कोणाला गोळी लागेल याचा अंदाज येतो आणि मुलांची धास्ती जाते. बहिणीला थोडं गरगरलं, बाकी कोणाला काही झालं नाही. तिने तिच्या डॉक्टरांना विचारून गोळी घेतली. काकूंना रक्तदाबाची औषधं चालू आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल वेगळं विचारलं. वयस्कर माणसाला घरातली उरलेली गोळी देऊ नये.

रिसॉर्ट कशाला हवं, हे जहाजानंतर बदलतं

बहिणीने एक रिसॉर्ट मनात धरलं होतं. मोठा तलाव, बुफे नाश्ता, संध्याकाळी गाणीबजावणी. खोलीचा दर रात्रीला ८,५००, पाच जणांना दोन खोल्या. खोलीचा दर ७,५०० च्या वर गेला की जीएसटी १८ टक्के लागतो, म्हणजे एक खोली १०,०३० रुपयांना. दोन खोल्या, तीन रात्री: ६०,१८०. जहाजाचे ८५,००० त्यात मिळवले की टॅक्सीचा रुपयाही खर्च न करता १,४५,१८०.

मी तिला विचारलं, तलाव, बुफे आणि गाणी तर जहाजावर दोन दिवस मिळालेली असतील, मग तेच पुन्हा साठ हजारांना कशाला घ्यायचं? जहाजावर जे मिळत नाही ते गोव्यात शोधू या. मोकळी वाळू, घड्याळ न पाहता उठणं, बाजारात रमणं, आपल्या हातचा चहा. एरवी रिसॉर्टकडून आपण करमणूक मागतो. क्रूझला जोडून जाताना त्याच्याकडून विसावा मागावा. क्रूझ आणि रिसॉर्टची जोडगोळी परवडत नाही असं म्हणणारी माणसं मला भेटतात, तेव्हा ती बहुतेक वेळा एकच वस्तू दोनदा विकत घेत असतात.

म्हणून दक्षिण गोव्यात बाणावलीला एका लहान रिसॉर्टमधलं दोन बेडरूमचं, स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घेतलं. लहानसा तलाव होता, किनारा पायी जाण्याजोगा. दर रात्रीला ६,०००. खोलीचा दर ७,५०० पर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, त्यामुळे ६,३००. तीन रात्रींचे १८,९००. स्वयंपाकघर म्हटल्यावर बहिणीच्या कपाळाला आठी पडली. "मी तिथेही पोळ्या लाटू का?" तर तसं नाही. सकाळचा चहा-पोहे, काकूंचा पथ्याचा वरणभात आणि मुलांची मधली भूक एवढंच घरी करायचं, आणि त्यातही मेहुण्यांची पाळी आधीच लावून दिली. एक वेळचं जेवण बाहेर.

दक्षिण गोवा निवडायला आणखी एक कारण. जहाज मुरगावला लागतं. तिथून बाणावली, कोलवा, माजोर्डा हा पट्टा कळंगुट-बागापेक्षा जवळ, आणि परतीचं मडगाव स्टेशन बाणावलीपासून सहा-सात किलोमीटरवर. पाच माणसं आणि सामान म्हणजे मोठी गाडी लागते. ती आधीच सांगून ठेवली, कारण गोव्यात ओला-उबर नाहीत आणि बंदराबाहेर ऐनवेळी घासाघीस करायला दमलेलं कुटुंब फारसं समर्थ नसतं.

जहाज सकाळी रिकामं करावं लागतं आणि हॉटेलची खोली दुपारी दोनला मिळते. हे मधले तास पुष्कळांच्या आखणीत सुटतात. आम्ही रिसॉर्टला आधी फोन करून सामान ठेवायची आणि तलाव वापरायची परवानगी घेतली, मग ते सगळे मडगावच्या बाजारात जेवून आरामात खोलीत गेले. बुकिंगही ऐनवेळी रद्द करता येईल असं घेतलं होतं. हवामान किंवा बंदराच्या अडचणीमुळे मार्ग बदलायचा हक्क जहाज कंपन्या अटींमध्ये राखून ठेवतात. जहाज मुरगावला लागलंच नाही, तर निदान हॉटेलचे पैसे अडकू नयेत.

शुक्रवारी दिवसभराची गाडी घेऊन कवळ्याला आणि तिथून मंगेशीला. काकूंनी ओटी डोंबिवलीहूनच बांधून आणली होती. गोव्यातल्या अशा देवस्थानांना भक्तांसाठी अग्रशाळा असतात, साध्या आणि स्वस्त. कोणाचं बजेट यापेक्षाही आखूड असेल तर एक रात्र तिथे काढता येते. चौकशी मात्र आधी करावी लागते. गाडीचे ४,०००, देवळांचे मिळून १,५००.

परतीला रविवारी सकाळची मांडवी एक्सप्रेस. रात्रीच्या कोकणकन्येने शेवटचा दिवस मोकळा मिळाला असता. पण ज्येष्ठांच्या लोअर बर्थ कोट्याचा फायदा वेगळं तिकीट काढल्यावर मिळतो, मग काकू एकीकडे आणि बाकी सगळे दुसरीकडे होण्याची शक्यता. दिवसाच्या गाडीत तो प्रश्नच नाही. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडतं, म्हणून मेहुण्यांनी त्याच सकाळी तिकिटं काढली. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे आणि पाच ते अकरा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा तर पूर्ण भाडं पडतं. पाच जणांचे सुमारे ६,०००.

बाकी खर्च असे. डोंबिवलीहून बॅलार्ड पियरला गाडी २,०००, मुरगावहून बाणावली २,५००, मडगाव स्टेशनपर्यंत ६००, गोव्यातलं जेवण आणि बाजार ९,०००, ठाण्याहून घरी १,०००, जहाजावरचे ५,०००. सगळं मिळून कागदावर १,३५,५००, आणि १४,५०० राखीव.

प्रत्यक्षात जहाजावर ५,००० ऐवजी सात हजारांच्या वर गेले, कारण काकू आणि नातीचा फोटो सगळ्यांनाच हवा होता. तो खर्च मला मुळीच खटकला नाही. राखीव रक्कम त्यासाठीच असते. बाणावलीला मुलं किनाऱ्यावरून हलेनात, त्यामुळे ठरवलेला जुन्या गोव्याचा फेरा रद्द झाला. मुलाला दोन रात्रींत जहाज पुरलं, मुलीला आणखी एक हवी होती. काकूंना लिफ्टच्या गर्दीचा कंटाळा आला, तेव्हा जेवणाची वेळ थोडी पुढे-मागे करून तो सुटला.

हीच आखणी कोल्हापूर, सांगली किंवा बेळगावच्या घराने उलटी करावी. तुम्हाला गोवा रस्त्याने जवळ आहे. आधी बाणावली, मग मुरगावला जहाज आणि मुंबईत उतरणं. जहाज चुकायची जोखीम तेव्हा गोव्याच्या टोकाला येते, म्हणून शेवटची रात्र बंदराच्या जवळ, वास्को किंवा बोगमाळोकडे काढा. मुंबईत सकाळी उतरल्यावर कोल्हापूरची रात्रीची गाडी किंवा बस धरायला दिवस हाताशी राहतो. सामान ठेवायची सोय नातेवाइकांकडे किंवा स्टेशनच्या क्लोकरूमला आधी पाहून ठेवा.